वळवानं परसबाग झोपवली, आंबा बेचक्यात फाटलाय, काय काय वाचेल?

परसदार_विश्रामबाग

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

परवा संध्याकाळी साडेपाचला मिरजेच्या बाजूनं काळंकुट्ट आभाळ आलं आणि वीस मिनिटांत आमची सगळी परसबाग आडवी झाली. आधी नुसतं वारं, मग बोराएवढ्या गारा, मग पाऊस. शेजारच्या गच्चीवरचा पत्रा उडून आमच्या मोगऱ्यावर पडला. कुणाला लागलं नाही एवढंच नशीब.

घरामागं जागा सव्वा गुंठा असेल, सगळी काळी माती. सासूबाईंनी बावीस वर्षांत एकेक रोप लावून केलेली बाग आहे. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून गेली चार वर्षं मी बघते, पण मला पाणी घालणं आणि तण काढणं याच्या पलीकडं फारसं कळत नाही, कुठल्या झाडाला कधी काय करायचं ते त्याच सांगायच्या. आणि परवापासून त्या मागच्या दारात आल्याच नाहीत. स्वयंपाकघराची मागची खिडकीसुद्धा लावून घेतलीय. विचारलं की "बघू नंतर" म्हणतात आणि जपमाळ घेऊन बसतात.

आता नुकसान सांगते. केशर आंबा आहे, चौदा वर्षांचा, कलमी. जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर दोन मोठ्या फांद्यांचं बेचकं आहे तिथंच फाटलाय, एक फांदी साल धरून खाली कंपाउंडवर टेकलीय, फट एवढी की माझा पंजा आत जातो, आतलं लाकूड पांढरं स्वच्छ दिसतंय. दुसरी फांदी उभी आहे. कैऱ्यांचा नुसता सडा पडलाय. शेवगा डोक्याएवढ्या उंचीवर मोडला. लिंबू कलंडलंय, एका बाजूची मुळं मातीत आणि एका बाजूची वर उघडी. नारळ सहा वर्षांचा, तिरका झालाय, झावळ्या चिरफाळ्या झाल्यात. केळी तिन्ही झोपल्या, एकीला घड होता. दोडक्या-कारल्याचा मांडव पालथा. कढीपत्त्याला पान म्हणून नाही, नुसत्या काड्या. आणि मधल्या भागात अजून घोटाभर पाणी आहे.

मिस्टर म्हणतात सगळं साफ करू आणि पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ, गाडीपण लागेल. रागानं नाही म्हणत, दमून म्हणतात, दोन दिवस घराचे पत्रे नि गळती बघण्यातच गेलेत त्यांचे. सोमवारी झाडं तोडणारा माणूस येणार आहे. म्हणजे माझ्याकडं तीन दिवस आहेत. काय वाचेल, काय नाही आणि आधी कशाला हात लावू एवढं कुणीतरी नीट सांगा.

लाईनवाला_मिरज

ताई, आधी वर बघा. कंपाउंडवर फांदी टेकलीय म्हणता, तिच्यात घराची सर्व्हिस वायर कुठं अडकली आहे का ते लांबून बघा, हात लावून नाही. लाइट गेलीय म्हणजे वायरीत करंट नाही असं कधी समजू नका, शेजारपाजारी कुणी जनरेटर नीट जोडला नसला तरी करंट उलटा येतो. मी आयुष्यभर लाइनवर काम केलंय, वादळानंतरच्या दोन दिवसांत जास्त माणसं दगावतात ती अशीच. वायर गुंतली असेल तर १९१२ ला फोन करा आणि ते येईपर्यंत तिकडं कुणाला फिरकू देऊ नका, ॲल्युमिनियमची शिडी तर अजिबात नको.

दुसरं म्हणजे टेकलेली फांदी दिसते शांत पण ती ताणात असते, कापताना सुटून येते. तिच्या खाली किंवा रेषेत उभं राहू नका. आणि साफसफाईच्या आधी सगळ्याचे फोटो काढा, पत्र्याचेपण. घराच्या नुकसानीचा पंचनामा झाला तर कामाला येतात.

द्राक्षवाला_तासगाव

ताई, तोडणाऱ्या माणसाला सोमवारी येऊ द्या पण कुठं कापायचं ते तुम्ही ठरवा, नाहीतर ती माणसं बुंध्यातून साफ करून लाकूड घेऊन जातात.

आंब्याचं बोलू. अर्धा गेलाय, सगळा नाही. पडलेली फांदी नुसत्या सालीवर लोंबतीय आणि पंजा जाण्याएवढी फट आहे, म्हणजे ती परत बसवून काही उपयोग नाही. बारीक फट असती, फांदी मनगटाएवढी असती तर मीच सांगितलं असतं की दोरानं ओढून घ्या, आरपार भोक पाडून नटबोल्ट मारा, तसं जगतं. पण चौदा वर्षांच्या झाडाची पूर्ण फांदी म्हणजे तीन-चार क्विंटल वजन, पुढच्या वळवाला परत फाटणार आणि त्यावेळी उभी फांदीपण घेऊन जाणार. तेव्हा ती काढा, पण काढायची पद्धत आहे. एका दमात बुंध्याशी करवत लावली तर फांदी पडता पडता खालची साल खोडापर्यंत सोलून नेते. आधी बुंध्यापासून हातभर लांब, खालच्या बाजूनं एक तृतीयांश कापायचं, मग त्याच्या चार बोटं पुढं वरून कापायचं, वजन उतरलं की राहिलेलं खुंट शेवटी काढायचं. आणि शेवटचा काप खोडाला घासून घेऊ नका, फांदी जिथनं निघते तिथं जरा फुगीर वळी असते, ती राखायची, जखम तिथनंच भरून येते. फाटलेल्या जागी ज्या चिपा, कुसळं राहतील ती धारदार चाकूनं गुळगुळीत करा, पाणी साठेल असा खड्डा ठेवू नका, काप जरा उतरता ठेवा.

मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) नि चुन्याचा लेप. आमच्या बागेत हे घरचंच काम आहे म्हणून सविस्तर सांगतो. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी हे माप, तुम्हाला एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना नि १ लिटर पाणी भरपूर झालं. मोरचूद रात्रीच अर्ध्या लिटरात प्लास्टिकच्या बादलीत भिजत घाला, लोखंडी किंवा जस्ताची बादली घेऊ नका. चुना दुसऱ्या भांड्यात विझवायचा, विझताना उकळतो, तोंड लांब ठेवा. गार झाला की गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतत काठीनं ढवळत राहा, छान आकाशी निळा रंग येतो. मग लोखंडी चाकूचं पातं त्यात मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पातं स्वच्छ निघालं की झालं. त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवशीचं कामाचं नाही. ब्रशनं कापावर आणि भोवती वीतभर सगळीकडं. गारांनी साल फुटलीय तिथंपण ठिपके देत जा, वारं ज्या बाजूनं आलं त्या बाजूला जास्त मार असतो. डांबर, ऑइल पेंट मात्र फासू नका, आत ओल कोंडते.

आणि जूनपासून दर आठ दिवसांनी खोड बघायचं. ताज्या जखमेला भिरूड लागतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की समजा आत अळी आहे, भोकात तार घालून बाहेर काढायची.

राहिली उभी फांदी, तिला आता एका बाजूचं सगळं ऊन बसणार, इतकी वर्षं सावलीत असलेली साल उन्हानं तडकते. पश्चिमेकडनं खोडाला आणि फांदीला साधा चुना मारून घ्या.

हिरवा_कोपरा_कराड

वरचं सगळं बरोबर आहे, मी एवढंच म्हणेन की झाडांना धक्का बसलाय तर लगेच १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत द्या आणि थोडा युरिया, पालवी पटकन येते. आम्ही गच्चीवरच्या कुंड्यांना गारपिटीनंतर असंच केलं होतं, पंधरा दिवसात हिरवंगार.

द्राक्षवाला_तासगाव

कुंडीचं वेगळं हो दादा, तिथं मुळं शाबूत होती, फक्त पानं गेली होती. इथं लिंबाची मुळं तुटलीत आणि माती अजून चिखल आहे. खाणारं तोंडच जायबंदी आहे तर ताट वाढून काय उपयोग. वरनं युरियानं जी लुसलुशीत पालवी येते तिच्यावर तुडतुडे नि मावा तुटून पडतो. निदान महिनाभर खत नको. पहिली पालवी पिकून गडद झाली की मग कुजलेलं शेणखत द्या.

वाईकर_काकू

अगं बाई, आधी कैऱ्या उचल. गार लागलेली कैरी दोन दिवसांत आतनं काळी पडते. आज रात्रीच बसून वेगळ्या कर. बाठ धरलेल्या नि न फुटलेल्या लोणच्याला, मार लागलेल्या आहेत त्याचा तेवढा भाग काढून मेथांबा कर नाहीतर फोडी उन्हात वाळवून आमचूर. बाठ न धरलेल्या कोवळ्या असतील त्याचा तक्कू. आमच्याकडं मागं असाच वळीव झाला तेव्हा आम्ही तिघी जावा पहाटे तीनपर्यंत कैऱ्या चिरत बसलो होतो, हातांची आग आग झाली पण वर्षभर आमटीला आमचूर पुरलं.

केळीचं वाईट वाटून घेऊ नको. ज्या केळीला घड आला ती तशीही एकदाच व्यायते. घड भरत आला असला तर कापून दांड्याला दोरी बांधून टांग, कोवळा असला तर भाजीला, केळफूल राहिलं असेल तर तेही. झोपलेली तिन्ही खोडं जमिनीलगत काप, खाली कंद शाबूत असतो, आजूबाजूला मुनवे म्हणजे केळीची पिलं आली असतील त्यातले दोन चांगले राख आणि बाकी काढ. आणि कापलेली खोडं टाकून देऊ नको हं, चकत्या करून लिंबाच्या नि आंब्याच्या आळ्यात पसर. केळीचं खोड म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, मे महिन्यात आळं गार राहतं.

शेवग्याची तर काळजीच करू नको. कमरेएवढा ठेवून तिरका काप दे म्हणजे वर पाणी साठत नाही. तो फुटतोच. मोडून पडलेल्या फांदीचे मनगटाएवढे जाड, तीन-चार फुटांचे तुकडे करून दोन दिवस सावलीत ठेव आणि पावसाळा लागला की एक-दोन रोव, शेजाऱ्यांनापण दे. पाला खुडून भाजी कर.

मोगरा पत्र्याखाली चेंगरला असेल तर वीतभर ठेवून छाटून टाक, मोगऱ्याला नव्या फुटीवरच कळी धरते. कढीपत्त्याला काहीच करू नको. काड्या उभ्या आहेत ना, बस.

आणि एक सांगू का? सासूबाईंना "आई काय करू" असं विचारू नको. कैऱ्यांची पाटी नेऊन त्यांच्यापुढं ठेव आणि विळी दे.

गावभाग_सांगली

ताई, मी मातीबद्दल लिहितो कारण ते कुणी बोललं नाही आणि आम्ही ते शिकलो ते फार महाग पडून शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या अंगणात पुरुषभर होतं, धोक्याची पातळीच ४५ फूट आहे यावरून कल्पना करा. पाणी उतरल्याबरोबर आम्ही घरातली सगळी माणसं फावडी घेऊन बागेत उतरलो. तीच चूक. ओल्या काळ्या मातीत आठ माणसं दोन दिवस फिरली, माती अशी दाबली गेली की पुढं उन्हाळ्यात टिकाव मारला तर ठणका हातात यायचा. पुरातनं जी झाडं वाचली होती त्यातली निम्मी त्या दाबलेल्या मातीनं मारली असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा तुम्ही काय करा, पाणी साठलंय तिथून उताराकडं फूटभर खोल एक चर काढा, फक्त एक माणूस, फळीवर उभा राहून. पाणी निघून जाऊ द्या. मग वाफसा येईपर्यंत त्या भागात पाय ठेवू नका. मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि बोटानं टोचायचा, मोकळा फुटला की वाफसा आला. मेच्या उन्हात पाच-सहा दिवसांत येतो. लिंबू नि आंबा पाण्याच्या जागेपासून लांब असतील तर त्यांचं काम आधी करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. आम्ही त्यावेळी पानं झडलेली झाडं "मेली" म्हणून उपटली. एक चिक्कू, एक पांढरा चाफा, दोन जास्वंदी. शेजारच्यांचं घर बंद होतं, ते परगावी मुलाकडं होते, त्यांच्या बागेत कुणी हातच लावला नाही. दिवाळीला ते आले तर त्यांच्या चाफ्याला आणि चिक्कूला फूट होती. एकाच पाण्यात उभी असलेली झाडं. मला ते आजही लागतं. म्हणून नखानं जरा साल खरवडून बघा, खाली हिरवं ओलं दिसलं की झाड जिवंत आहे. शेंड्याला तपकिरी लागलं तर खाली खाली सरकत या. कुठंच हिरवं नसलं तरी पहिला पाऊस होईपर्यंत थांबा.

पेव्हरबद्दल तुमच्या मिस्टरांना माझ्याकडनं नम्रपणे सांगा, गाडीपुरती पुढची पट्टी करा हवी तर, पण आंब्याच्या घेराखाली नको. खाली मुळांना पाणी जात नाही, आणि तुमच्याकडं आत्ता जे घोटाभर पाणी साठलंय ते मग घराच्या भिंतीकडं येईल. आणि कुणाचा विचार पूर्ण झाड काढायचाच असला तर महापालिका हद्दीत नुसतं मनानं तोडता येत नाही, १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

माहेर_श्रीवर्धन

मी साताऱ्यात असते पण माहेर श्रीवर्धन, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच डोक्यावरनं गेलं. वाडीतली सुपारी, नारळ, आंबे, जायफळ, काय काय गेलं ते लिहीत नाही, अजून बोलवत नाही. पण लिंबाचं सांगू शकते कारण आम्ही कलंडलेली झाडं उभी केली होती आणि त्यातली बरीच जगली.

उद्या नाही, आज करा. उघडी मुळं आत्ता लगेच ओल्या गोणपाटानं झाका, ऊन लागलं की मुळं तासाभरात वाळतात. मग वरचा तिसरा हिस्सा छाटा, मुळं तुटली म्हणजे तेवढ्या पानांना पाणी पुरवायला कुणी नाही. ज्या बाजूची मुळं वर आलीत तिथली माती खाली खोल करा म्हणजे झाड उभं करताना मुळं दुमडणार नाहीत. चिरफाळलेली मुळं कात्रीनं साफ कापा. खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर, आणि हळू ओढायचं, दोघांनी ओढायचं नि एकानं मुळाशी बसून बघायचं. कुठं कर्र आवाज आला तर थांबायचं. सरळ काटकोनात आलं नाही तरी चालतं. माती थोडी थोडी ढकलून पाणी घाला म्हणजे पोकळी राहत नाही, पायानं तुडवू नका. तीन बाजूंनी तीन बांबू रोवा, बांधायला सायकलची जुनी ट्यूब नाहीतर सुती साडीच्या पट्ट्या, खोड आणि बांबूच्या मध्ये एक पीळ द्या म्हणजे घासत नाही. तार नको, वर्षभरात सालीत रुतते. जरा हलतं राहिलं पाहिजे झाड, हललं तर मुळं धरतं. बांबू पुढच्या पावसाळ्यापर्यंत काढू नका.

नारळाचं एकच बघायचं, मधली सुई. न उघडलेलं जे टोकदार पान मध्ये उभं असतं ते ताठ आहे का. ते शाबूत असेल तर बाकी झावळ्या फाटल्या तरी जगतो, थोडा तिरका असला तरी शेंडा आपोआप वर वळतो, ओढत बसू नका. सुई हातानं हलकी ओढून अलगद निघून आली आणि घाण वास आला तर कोंब कुजतोय. तेवढं साफ करून तीच बोर्डो पेस्ट आत लावायची. नारळाला दुसरा कोंब नसतो.

परसदार_विश्रामबाग

चार दिवसांनी लिहितेय. हात दुखतायत म्हणून थोडक्यात.

लिंबू त्याच रात्री उभं केलं, मी, मिस्टर आणि समोरचे काका, टॉर्च लावून. एकदा कर्र झालं, थांबलो. आता तीन बांबूंवर आहे, पानं मलूल आहेत पण गळली नाहीत. नारळाची सुई ताठ आहे. केळीचा घड माजघरात टांगलाय. पाण्याला चर काढला, तिकडं कुणी जात नाही, दोरी बांधून ठेवलीय.

काकू, तुमचं ऐकलं. कैऱ्यांची पाटी नेऊन ठेवली, काही बोलले नाही. दहा मिनिटांनी विळीचा आवाज यायला लागला. साडेदहाला त्यांनी हाक मारली, म्हणाल्या या सगळ्या पूर्वेच्या फांदीच्या आहेत, या फांदीच्या कैरीला देठाशी लाली जास्त असते, मग ती फांदी गेली का? मी हो म्हटलं. म्हणाल्या, आणि दुसरी?

सोमवारी तोडणारा आला तेव्हा त्या काठी टेकत मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. हातभर लांब, खालून आधी, सगळं तिथनं सांगितलं. बोर्डोचं पातं त्यांनी स्वतः बुडवून बघितलं, पहिल्यांदा तांबूस आलं, चुना वाढवला, मग स्वच्छ निघालं. मिस्टर पुढची पट्टी तेवढी करणार आहेत.

द्राक्षवाला_तासगाव

लई चांगलं केलंत. शेवटच्या कापाचा फोटो ठेवा, वर्षानं तुलना करायला बरा. मृगाचा पाऊस झाला की पेस्ट परत एकदा लावा, धुऊन जाते.

परसदार_विश्रामबाग

आज चोवीस दिवस झाले. शेवग्याला नऊ फुटवे. कढीपत्त्याला पोपटी ठिपके दिसतायत सगळ्या काड्यांवर. मोगरा अजून काही नाही पण खरवडलं की हिरवा आहे. लिंबाची निम्मी पानं शेवटी गळलीच, पण काड्या ओल्या आहेत. आज विचारायचं आहे ते आंब्याचं. बुंध्याला, जमिनीपासून दीडेक फुटावर, तांबूस कोवळी फूट आलीय, बोटभर लांब, तीन पानं. आम्हाला फार आनंद झालाय. ठेवायची ना?

द्राक्षवाला_तासगाव

आनंद होणारच, पण थांबा, आधी कलमाचा जोड शोधा. खोडाला खाली कुठंतरी सालीचा पोत बदललेला दिसेल, जरा फुगीर, खालची साल खरबरीत नि वरची वेगळी. फूट जोडाच्या खाली असली तर ती गावठी आंब्याची, केशर नाही, ती जोरात वाढते आणि वरच्या झाडाचं खाते, खुडून टाका. जोडाच्या वर असली तर तुमचीच. ती राखा, तुटलेल्या बाजूला पुढं फांदी करायला कामाला येईल.

परसदार_विश्रामबाग

आत्ता बघून आलो. सासूबाई खाली वाकू शकत नाहीत म्हणून मी त्यांचा हात धरून खोडावर फिरवला, त्यांना जोड बोटांनीच लागला. फूट त्याच्या वर चार बोटं आहे.

बकरी येऊ नये म्हणून भोवती बोरीच्या फांद्या लावल्यात.